उलट्या डोक्याची राणी

माघ पौर्णिमेला कचारगडला गेलाय कधी? गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनवर उतरायचं, धनेगाव गाठायचं आणि मग डोंगर चढायचा. वर भलीमोठी नैसर्गिक गुहा आहे. गोंडांचे आदिगुरू पारी कुपार लिंगो यांना मानणारे गोंड भाविक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा कुठून कुठून इथे यात्रेला येतात. यात्रेत काढलेला फोटो घरी मामाला पाठवायचा तर आपल्याला काय लागतं? मोबाइल आणि थोडी रेंज!

पण समजा, साल आहे 1854, आणि तुम्हाला इथून मुंबईच्या मामाला चार ओळी लिहायच्यात. रेल्वे नाही, ती नागपूरपर्यंत यायलाच 1867 उजाडलं. पत्र नेणार हरकारा, म्हणजे डाक नेणारा माणूस, तेही जंगलातून, पायी. त्याच वर्षी नागपूरच्या भोसल्यांचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केलं, म्हणजे इकडचा सगळा मुलूखही कंपनीकडे गेला. आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला पोस्टात नवा नियम आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो नाहीतर मुंबईला! त्याआधी जितकं अंतर लांब तितके पैसे जास्त पडायचे. पाव तोळा म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. वहीचा एखादा कागद, बस्स. मामाला लांबलचक पत्र लिहायचं तर अक्षर बारीक काढायचं!

या अर्ध्या आण्यासाठी निळं तिकीट निघालं. त्यावर तरुण व्हिक्टोरिया राणीचं डोकं. कडेला भोकं नाहीत, त्यामुळे प्रत्येक तिकीट कात्रीने कापायचं. ही तिकिटं छापली कलकत्त्याला, जिथे नकाशे छापले जायचे त्या सर्वेक्षण कार्यालयात. काम होतं कॅप्टन थुलियर यांच्याकडे. छपाई चक्क दगडावर! गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र उमटवायचं, मग शिळा पाण्याने ओली करायची. पाणी आणि तेलाचं काही जमत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते, ओल्या जागेवर बसत नाही. वर कागद दाबला की झालं तिकीट.

खरं तर अर्ध्या आण्याचं तिकीट आधी लाल होणार होतं. थोडं छापूनही झालं होतं. पण इंग्लंडहून आलेली शाई संपली, आणि इथली लाल शाई वापरली तर शिळेवरच्या रेघाच बिघडू लागल्या. मग थुलियरसाहेबांनी रंगच बदलला. ती आधीची लाल तिकिटं विक्रीला आलीच नाहीत, म्हणून आज संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. निळी मात्र कोटींच्या संख्येने छापली गेली, त्यामुळे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची होऊनही त्यातली साधी प्रत फार महाग नसते. जगातलं पहिलं तिकीट, इंग्लंडचं 1840 चं ‘पेनी ब्लॅक’, त्याचंही तसंच. जवळजवळ सात कोटी छापली होती! जुनं म्हणजे महाग, हा हिशेब इथे चालत नाही.

आता खरी गंमत. चार आण्याचं तिकीट दोन रंगांत होतं. आधी लाल चौकट छापायची, मग तोच कागद पुन्हा शिळेवर घालून मधे निळं डोकं. दोनदा छपाई म्हटलं की घोळ आलाच. काही कागद कुणीतरी उलटे घातले, आणि राणीबाई चौकटीत डोकं खाली करून लटकल्या! तिकिटं विकली गेली, पत्रांवर चिकटली, शिक्के बसले, आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. ही चूक संग्राहकांसमोर आली ती थेट 1874 मध्ये, लंडनमध्ये. आज जगभरात अशी जेमतेम तीसेक तिकिटं माहीत आहेत. त्यातही एक खोच आहे. चौकट अष्टकोनी, म्हणून पुष्कळांनी चारही कोपरे कापून टाकले होते. ज्याने आळस केला आणि तिकीट चौकोनीच ठेवलं, त्याच्या तिकिटाची किंमत कितीतरी जास्त. (आळसाचं असं कौतुक दुसरीकडे कुठे ऐकलंय?)

राणीच्या या तिकिटांच्याही दोन वर्षं आधी, 1852 मध्ये, मुंबई इलाख्यातल्या सिंध प्रांतात तिथले ब्रिटिश आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी ‘सिंध डाक’ नावाची गोल तिकिटं काढली होती. आशियातली ही पहिलीच चिकटवायची तिकिटं. त्यातलं लाल तिकीट लाखेचं होतं, आणि लाख ती लाखच! पत्र दुमडलं की तुकडे. टिकलीच नाहीत, म्हणून आज दुर्मीळ.

बारा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट तर सांगायलाच हवी. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गियानात 1873 साली व्हर्नन वॉन या मुलाला घरातल्या जुन्या कागदांत 1856 चं एक सेंटचं किरमिजी तिकीट सापडलं. त्याचेही कोपरे कापलेले. दिसायला अगदी कळकट. त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकलं. पुढे कळलं, तसं दुसरं तिकीट जगात कुणाकडेच नाही! 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 83 लाख डॉलर मिळाले. वॉनला नाही हं, तेव्हाच्या मालकाला.

गोंदिया-भंडाऱ्याकडे जुन्या मालगुजारांच्या वाड्यांत कागदांनी भरलेल्या पेट्या अजून सापडतात. तुमच्या आजोबांकडे तशी पेटी असेल, तर कात्री लांब ठेवा. तिकीट पाकिटावरून सोडवू नका आणि पाण्यात तर मुळीच बुडवू नका. भिंगातून आधी शिक्का वाचा. मोठ्या शहराचे शिक्के ढिगाने मिळतात, पण आडगावच्या छोट्या पोस्टाचा शिक्का क्वचितच हाती लागतो. त्यामुळे अर्ध्या आण्याच्या साध्या निळ्या तिकिटावर अशा गावाचा स्पष्ट शिक्का असेल, तर संग्राहक तिकीट सोडून तो शिक्काच आधी बघतात. मग तिकिटाच्या चारही कडांना किती कागद शिल्लक आहे ते पाहा. आणि हो, राणीचं डोकं वर आहे ना, तेही बघून घ्या!