सोयाबीनची पेरणी आणि अडतीवरील दाणा

निपाणीचे नाव तंबाखूने झाले. परंतु बेळगाव-निपाणी भागातील आपल्या व्यापारी बंधूंचा संबंध आता सोयाबीनशीही जडला आहे. दाणा बारीक आला की आपण भाव उतरवितो. त्याचे मूळ पुष्कळदा पेरणीच्या दिवसांत असते. दिवस लहान होऊ लागताच हे पीक फुलावर येते. जूनमध्ये पेरलेल्या रोपास तोवर अंग धरण्यास अवधी मिळतो. जुलै उलटल्यावर पेरलेले खुजे असतानाच फुलते व शेंगा कमी धरते. अशा वेळी ओळी जवळ घ्याव्यात. 45 बाय 10 सेंटिमीटरवर हेक्टरी सुमारे 2,22,000 रोपे बसतात, 30 बाय 10 वर 3,33,000. वेळेवरच्या पेरणीत मात्र अतिदाटीने झाडे लोळतात. बियाणे उधारीने देणाऱ्या बंधूंनी ते मृग निघण्यापूर्वीच शेतकऱ्याच्या घरी पोहोचवावे, अशी आमची विनंती आहे.