थिजलेलं तेल आणि उन्हाची ऊब

निफाडमध्ये पारा उतरला की खोबरेल तेलाची बाटली घट्ट होते. घरातलं कुणीतरी ती गच्चीच्या कठड्यावर उन्हात नेऊन ठेवतं. थोड्या वेळात तेल कडेने सुटतं, मग धार लागते. कच्च्या तेलाच्या वाहिन्यांपुढचा प्रश्न याच जातीचा आहे, म्हणून काही वाहिन्या तापवाव्या लागतात. पण त्याबद्दल गैरसमज बरेच.

गैरसमज : मनमाडच्या वाहिनीतलं तेलही तापवत असतील.
वस्तुस्थिती : नाही. 1998 साली सुरू झालेल्या भारत पेट्रोलियमच्या मुंबई-मनमाड वाहिनीतून पानेवाडीच्या डेपोत येतं ते शुद्ध केलेलं इंधन. पेट्रोल-डिझेल आपल्याकडच्या थंडीत पातळच राहतं.

गैरसमज : कच्चं तेलही तसंच वाहतं.
वस्तुस्थिती : सगळंच नाही. राजस्थानातल्या बाडमेरच्या तेलात मेण भरपूर. निवलं की ते थिजतं. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी सुमारे 670 किलोमीटरची वाहिनी सतत गरम ठेवतात, साधारण 65 अंशांवर. मुख्य पाइपाला चिकटून एक बारीक पोलादी नळी असते आणि नळीत वीजतार. विजेमुळे नळी तापते, तिची ऊब तेलाला मिळते. या सगळ्यावर फोमचं जाड वेष्टन.

गैरसमज : वाळवंटातल्या उन्हाने पाइप आपोआप तापेल.
वस्तुस्थिती : पाइप जमिनीत पुरलेला असतो. ऊन वापरायचं, तर नळीला वीज पुरवणाऱ्या वाटेवरच्या तापकेंद्रांपाशी सौर पॅनेलची वीज घ्यावी लागेल, किंवा आरशांनी ऊन एकवटून ती उष्णता तेलाला द्यावी लागेल.

गैरसमज : सौर उष्णता आंघोळीच्या पाण्यापुरतीच.
वस्तुस्थिती : नाशिकजवळच्या शिर्डीत साई संस्थानच्या स्वयंपाकासाठी 2009 मध्ये 73 सौर तबकड्या बसल्या. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजतं. ओमानच्या अमल तेलक्षेत्रात तर काचघरांत, धुळीपासून जपलेल्या आरशांनी वाफ तयार होते आणि जमिनीखालचं घट्ट तेल सैल करते.

गैरसमज : उन्हावर विसंबलं, तर ढग आले की तेल थिजणार.
वस्तुस्थिती : वेष्टनामुळे तेल हळूहळू निवतं आणि उष्णता साठवताही येते. तरी रात्रीसाठी दुसरी सोय लागतेच. शिर्डीतही सौर वाफेला बॉयलरची जोड आहे. बाडमेरच्या वाहिनीवरची तापकेंद्रं गॅसवर वीज बनवतात. तिथे सौर ऊर्जा आली, तर दिवसा जेवढा गॅस जळायचा राहील, तेवढा तिचा नफा.