फुकट मिळते, पण वाटता येते का?
मुक्त सॉफ्टवेअरची ओळख : लेखांक ६

जीपीएल परवान्यातून वापरणाऱ्याला कोणते हक्क मिळतात ते मागच्या आठवड्यात पाहिले. त्या हक्कांची खरी कसोटी एका प्रश्नात लागते : लिनक्सच्या मुक्त डिस्ट्रोसोबत, म्हणजे उबुंटूसारख्या तयार संचासोबत, मालकीचे सॉफ्टवेअर बांधून देता येते का? हा प्रश्न वकिलांपुरता नाही. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत स्टेशनालगत संगणक दुरुस्तीची आणि डीटीपीची जी दुकाने आहेत, त्यांतल्या एखाद्याने ठरवले की, विंडोजची चोरटी प्रत टाकण्यापेक्षा जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून द्यावे, तर त्याचा हेतू चांगलाच म्हणायला हवा. पण गिऱ्हाइकाला वायफाय लगेच चालायला हवे असते, क्रोम हवे असते आणि सोसायटीच्या नोटिशीची जुनी फाइल मंगल फॉन्टमध्येच दिसायला हवी असते. मग हे सगळे एकदाच बसवून एक तयार पेनड्राइव्ह बनवावा आणि प्रत्येकाला त्याचीच प्रत द्यावी, असे दुकानदाराला वाटणे साहजिक आहे. गफलत नेमकी इथेच होते. एखादी वस्तू वापरण्याची मुभा मिळाली म्हणजे ती वाटण्याचीही मिळाली असे नव्हे. डिस्ट्रो तयार करणारे मालकीच्या वस्तू बाजूला ठेवतात, तो त्यांचा हेका नाही. अशा छोट्या दुकानदाराला निर्धास्तपणे प्रती वाटता याव्यात, हीच त्यामागची व्यवस्था आहे.

आधी एक समज दूर केला पाहिजे. मालकीच्या सॉफ्टवेअरला जीपीएलच आड येते, असे पुष्कळांना वाटते. लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ज्या परवान्याखाली आहे, ती जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ची. एकाच डिस्कवर दोन स्वतंत्र प्रोग्राम नुसते शेजारी ठेवले, तर एकाचा परवाना दुसऱ्याला लागू होत नाही, असे तिच्या दुसऱ्या कलमातच स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे शेजार चालतो. अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने, म्हणजे मालकीच्या वस्तूच्या परवान्यातून येते. मायक्रोसॉफ्टने १९९६मध्ये एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना, जॉर्जिया हे फॉन्ट वेबसाठी म्हणून मोफत खुले केले. त्यांच्या परवान्यात कितीही प्रती काढून वाटण्याची परवानगी आहे. मात्र प्रत मूळ स्वरूपात, जशीच्या तशी आणि परवान्याच्या मजकुरासह द्यावी लागते. शिवाय ती सुटी किंवा स्वतःच्या उत्पादनात घालून नफ्यासाठी वाटता येत नाही. म्हणून डेबियन आणि उबुंटू या डिस्ट्रो हे फॉन्ट डिस्कवर देत नाहीत. ते आणणारे एक छोटे पॅकेज देतात. ते चालवले की परवान्याचा मजकूर पडद्यावर येतो, वापरणाऱ्याने होकार दिला की मूळ फाइली इंटरनेटवरून उतरतात आणि त्याच्याच यंत्रावर उलगडल्या जातात. परिणाम तोच, पण प्रत वाटणारा मधे कोणी राहत नाही. पैसे घेऊन तयार पेनड्राइव्ह देणारा दुकानदार मात्र नेमका तो मधला माणूस होऊन बसतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याचे सर्वांत बोलके उदाहरण मंगल फॉन्टचे आहे. मंगलची अक्षरे रघुनाथ कृष्ण जोशी या नामवंत सुलेखनकाराने घडवली. मराठी माणसाने घडवलेली, मराठीसाठी रोज वापरली जाणारी ही अक्षरे विंडोजसोबत येतात, त्यांचा परवाना मायक्रोसॉफ्टचा आहे आणि कोणत्याही मुक्त डिस्ट्रोला ती आपल्या डिस्कवर घालता येत नाहीत. अक्षर कोणी घडवले, यापेक्षा ते कोणत्या परवान्याखाली बाहेर पडले, यावर ते कुठवर पोहोचणार हे ठरते. रेड हॅटने २००४मध्ये लोहित फॉन्ट जीपीएलखाली दिले आणि २०११मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता फॉन्टही त्याच परवान्याखाली आहे. हा परवाना असलेला फॉन्ट कोणत्याही सॉफ्टवेअरसोबत, अगदी विकाऊ सॉफ्टवेअरसोबतही, बांधून देता येतो. फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही. मंगलमधला मजकूर युनिकोडचा असल्यामुळे तो लोहित किंवा मुक्तामध्ये तसाच वाचता येतो. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी थोड्या सरकतात, नोटीस एखाद्या वेळी दुसऱ्या पानावर जाते. गैरसोय आहे, पण मजकुराचे काही बिघडत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो : वायफायच चालत नसेल तर परवान्याची शुद्धता काय कामाची? आक्षेप रास्त आहे आणि डेबियननेही तो मान्य केला. २०२२च्या मतदानानंतर मालकीचे फर्मवेअर, म्हणजे वायफायसारख्या भागांना चालायला लागणारे सॉफ्टवेअर, अधिकृत इन्स्टॉलरवर ठेवायचे ठरले आणि जून २०२३मध्ये आलेल्या बारा क्रमांकाच्या आवृत्तीपासून ते मिळू लागले. पण तडजोड कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. फर्मवेअरसाठी वेगळा विभाग काढला, मुख्य संग्रहात ते मिसळले नाही आणि ज्याचा परवाना पुढे वाटण्याची मुभा देतो तेवढेच घेतले. एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांच्या मालकीच्या ड्रायव्हरची गोष्ट निराळी. तो कर्नलमध्ये जाऊन बसतो, म्हणून ‘नुसता शेजार’ हा बचाव तिथे डळमळीत होतो. त्यामुळे अनेक डिस्ट्रोंमध्ये त्याचे मोड्यूल वापरणाऱ्याच्या यंत्रावरच बांधले जाते. सोय आणि परवाना यांतले एकच निवडायचे असते, हे खरे नाही; दोन्ही सांभाळायचे मार्ग निघालेले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वेळा ऐकू येतो : एवढ्याशा दुकानाला विचारायला कोण येणार? पण कायद्यात दुकानाच्या आकाराची सवलत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब सांगते की, संगणक-प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते; धंद्यासाठी असेल तर ती वाट बंद. शिवाय बाकीचा पेनड्राइव्ह मुक्त असला तरी जबाबदारी संपत नाही. जीपीएलखालचे प्रोग्राम पैसे घेऊन द्यायला हरकत नाही, पण मग सोर्स कोड सोबत द्यावा लागतो, किंवा मागेल त्याला तो देऊ असे किमान तीन वर्षांचे लेखी आश्वासन द्यावे लागते. आणि उबुंटूत आपल्या मनाचे बदल करून ते त्याच नावाने वाटायचे असेल, तर उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची मान्यता लागते.

तेव्हा ठाणे-डोंबिवलीतल्या दुकानदारांना आणि शाळांच्या संगणक-शिक्षकांना सांगणे एवढेच : डिस्ट्रो मूळ स्वरूपात द्या आणि सोर्स कोडचे लेखी आश्वासन सोबत ठेवा. मराठीसाठी लोहित, मुक्ता असे मुक्त फॉन्ट वापरा. क्रोम किंवा मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट हवेच असतील, तर ते गिऱ्हाइकाच्या यंत्रावर, त्याच्या समोर, अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्या आणि होकाराचे बटण त्यालाच दाबू द्या. काम दहा-पंधरा मिनिटांनी वाढेल. मात्र जो पेनड्राइव्ह तुम्ही द्याल, त्याची प्रत ते गिऱ्हाईकही पुढे दुसऱ्याला बिनदिक्कत देऊ शकेल.