पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा : फेरपरीक्षेपूर्वीच उणिवा ओळखणे महत्त्वाचे

शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील मूळ तरतुदीनुसार आठवीपर्यंतच्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच वर्गात रोखून ठेवता येत नव्हते. 2019 च्या दुरुस्तीने ही तरतूद शिथिल झाली आणि निर्णय संबंधित सरकारांवर सोपविण्यात आला. महाराष्ट्राने 2023 मध्ये, तर केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये त्याबाबतचे नियम अधिसूचित केले.

केंद्राच्या नियमांनुसार पाचवी आणि आठवीच्या वर्षअखेरीस नियमित परीक्षा घेतली जाते. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी मिळते. तीतही अपयश आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवले जाते; मात्र आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. परीक्षेत पाठांतराऐवजी क्षमतांची चाचणी अपेक्षित आहे.

भागाकार कच्चा राहिलेल्या मुलाला अपूर्णांकही अवघड जातात. वर्षभर साचलेली अशी तूट दोन महिन्यांत भरून निघणे कठीण असते. त्यामुळे दर आठवड्याचा वर्गपाठ आणि घटक चाचण्या यांतून उणीव वेळीच हेरून पालकांना तिची कल्पना देणे, हाच विद्यार्थ्याचे वर्ष वाचविण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.