हरवलेले सेशन आणि सुरक्षेच्या सेटिंग्ज

एचटीटीपी या ज्या नियमावलीनुसार ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात देवाणघेवाण होते, तिच्यात प्रत्येक विनंती स्वतंत्र मानली जाते. त्यामुळे लॉगिन केलेली व्यक्ती पुढच्या पानावरही ओळखता यावी, यासाठी पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा तिला एक सहजी न ओळखता येणारा संकेतांक देते, तो कुकीत, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत, ठेवायला लावते आणि तिची माहिती सर्व्हरवरील फाइलमध्ये साठवते. या व्यवस्थेला सेशन म्हणतात. कुकी किंवा फाइल यांपैकी एक जरी गहाळ झाली, तरी भरत आणलेला अर्ज वाया जाऊन पुन्हा लॉगिन करावे लागते.

फाइल बहुधा साफसफाईत जाते. पीएचपीच्या मूळ सेटिंगनुसार १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, वापरात न आलेली फाइल टाकाऊ ठरते. परंतु सफाई सेशन सुरू होण्याच्या शंभर वेळांमागे सरासरी एकदाच होत असल्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. दोन संकेतस्थळांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील, तर एकाने मुदत आठ तासांची केली तरी दुसऱ्याची सफाई त्या फाइली २४ मिनिटांनंतर पुसू शकते, आणि दोष मात्र भलतीकडेच शोधला जातो. प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र फोल्डर देणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

कुकीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ‘सिक्युअर’ हे सेटिंग लावलेली कुकी फक्त एचटीटीपीएसवरून, म्हणजे एचटीटीपीच्या सुरक्षित रूपावरून, जाते, म्हणून साध्या एचटीटीपी पानावर सेशन टिकत नाही. परक्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जावी की नाही हे ठरवणाऱ्या, पीएचपी ७.३ पासून उपलब्ध असलेल्या ‘सेमसाइट’ सेटिंगचे मूल्य ‘लॅक्स’ असेल, तर ऑनलाइन दुकानाच्या पेमेंट गेटवेने, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या सेवेने, ग्राहकाला पोस्ट पद्धतीने, म्हणजे अर्ज पाठवताना होते तशा विनंतीने, परत पाठवल्यावर कुकी सोबत येत नाही. पैसे कापले जातात आणि दुकानाच्या लेखी ग्राहक अनोळखी ठरतो. अशा वेळी ते मूल्य सरसकट ‘नन’ करणे घातक आहे, कारण परक्या संकेतस्थळाने ग्राहकाच्या नकळत पाठवलेल्या बनावट विनंतीसोबतही कुकी जाऊ लागते. त्याऐवजी परतीच्या पानाने ऑर्डर क्रमांक आणि गेटवेची डिजिटल सही पडताळून ग्राहकाला आपल्याच पुढच्या पानावर पाठवावे, जिथे ‘लॅक्स’ कुकी पुन्हा मिळते. मात्र परतीच्या पानावर सेशन सुरू करणारी ओळ असता कामा नये, कारण तिथे कुकी न दिसल्याने पीएचपी नवा संकेतांक काढते आणि तो ब्राउझरमधील जुन्या संकेतांकाची जागा घेतो.