शिक्का आणि निदान

एका वाङ्मयीन पुरस्कारामुळे एका लेखिकेचा मेंदू शस्त्रक्रियेपासून वाचला, ही अतिशयोक्ती नव्हे.

जेनेट फ्रेम (१९२४-२००४) ही न्यूझीलंडची कथा-कादंबरीकार. माणसांत बावरणारी, शब्दांत मात्र रमणारी. विशीतच तिच्यावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला आणि पुढची काही वर्षे मनोरुग्णालयांत गेली. विजेचे दोनशेहून अधिक झटके तिने सोसले. मेंदूवरील शस्त्रक्रियाही ठरली होती. पण तिच्या पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याचे रुग्णालयाच्या प्रमुखांनी वर्तमानपत्रात वाचले आणि ती रद्द केली. पुढे लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले की, तिला स्किझोफ्रेनिया कधी नव्हताच.

मग काय होते? तिच्या स्वभावात स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, छटा असाव्यात असे २००७ साली न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात एका लेखात सुचवले गेले. तिच्या साहित्याचा वारसा सांभाळणाऱ्यांना ते मान्य झाले नाही. न तपासलेल्या, हयात नसलेल्या व्यक्तीचे निदान करू नये, असे मलाही वाटते. पण त्या वादातून एक प्रश्न उरतो: स्त्रियांमधील स्वमग्नता नजरेतून निसटते कशी?

कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन केले. त्यांत मुली तीनच. पाठ्यपुस्तकातले चित्र त्यामुळे मुलग्याचेच राहिले. अनेक मुली इतरांचे हावभाव न्याहाळतात, उत्तरे पाठ करून ठेवतात, चारचौघींसारखे वागणे वठवतात. दिवसभराच्या या सोंगाची किंमत शरीर मोजते. गोंगाट, उग्र वास, कपड्याची शिवणदेखील सोसवत नाही. संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही.

त्यात फेफरे, निद्राविकार, पोटाच्या तक्रारी, सांध्यांचा अतिसैलपणा या गोष्टी स्वमग्न व्यक्तींत अधिक आढळतात. काहींना आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही, चेहऱ्यावरही ते दिसत नाही. शब्दांवर हुकमत असलेल्या लेखिकेलाही ही अडचण येऊ शकते. मग डॉक्टर म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत', आणि खरा आजार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

आपल्या घरांतही अशी एखादी आत्या किंवा मावशी असते. सुरेख लिहिते, चित्रे काढते; लग्नघरात मात्र मागच्या खोलीत जाऊन बसते आणि 'सदा आजारी' म्हणून ओळखली जाते. ती स्वमग्नच असेल असे नाही. पण तिला 'तऱ्हेवाईक' म्हणण्याआधी काय सोसवत नाही, कुठे दुखते, केव्हापासून, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्या. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. माझ्या होमिओपॅथीच्या पेटीतही नाही, आणि कोणी तसे सांगितले तर विश्वास ठेवू नका. फेफऱ्यावर, झोपेवर, पोटाच्या दुखण्यावर मात्र उपचार आहेत. तेवढे वेळेवर मिळाले, तरी तिचे लिहिणे चालू राहील.