साइडकारवाली मोटारसायकल ट्रेलरवर बांधताना

एकटी मोटारसायकल ट्रेलरवर आडवी होऊ नये म्हणून बांधतात. साइडकार जोडलेली गाडी तीन चाकांवर स्वतःच उभी राहते. तिला सरकू आणि उसळू द्यायचे नसते. हा फरक कळला की निम्मे काम सोपे होते.

रशियन ‘उराल’ घ्या. वजन 330 किलोच्या आसपास, रुंदी सुमारे 1.7 मीटर. चढवायला तीन चाके मावतील असा रुंद रॅम्प हवा. रिव्हर्स गिअर असल्याने उतरवणे मात्र सुखाचे! बहुतेक वजन मोटारसायकलच्या बाजूला असते. म्हणून गाडी रुंदीच्या नेमक्या मध्यावर उभी न करता मोटारसायकल ट्रेलरच्या मध्यरेषेकडे घ्यावी, नाहीतर एका बाजूच्या टायरवर जास्त भार येतो.

आता पट्टे. किमान चार रॅचेट पट्टे हवेत: दोन पुढे खेचणारे, दोन मागे. पट्टा नेहमी चौकटीला अडकवावा, मोटारसायकलच्या आणि साइडकारच्याही. साइडकारची बॉडी बऱ्याचदा रबरावर किंवा स्प्रिंगवर बसवलेली असते. तिला बांधले तर ती डुलते आणि पट्टा सैल पडतो. पुढचे सस्पेन्शन पूर्ण दाबून टाकायचीही गरज नाही, त्याने ऑइल सील खराब होऊ शकतात.

पहिला गिअर, पार्किंग ब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे. साइडकारचे कापडी आच्छादन वाऱ्याने फाटते, ते काढून ठेवलेले बरे.

निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहा. नवे पट्टे पहिल्या टप्प्यातच सैलावतात.